चांदोदला, भाड्याच्या गाडीत

कॅराव्हॅनचं छत गळतं
नेमकं माझ्या उशीवर.
मृणाल म्हणते, बडोद्याहून एवढं आलो
ते काय रमी खेळायला?

मग एक छत्री, दोघं.
घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या,
खाली नर्मदा, दूध जास्त झालेल्या चहासारखी.
नावा उपड्या. एकीवर बकरी.

जशुभाई माछी ओंजळीत विडी झाकून सांगतो,
भरूचकडून गलबतं यायची म्हणे इथं,
मीठ, नारळ, कौलं.
धक्का कुठंय?
तो पाण्याकडे बोट करतो.
‘एकवीस पायऱ्या खाली. उनाळामां आवजो.’

मृणाल चपला माझ्या हातात देते,
पोटरीभर पाण्यात उतरते,
तळव्यानं काहीतरी चाचपत राहते.
‘कडी आहे रे. लोखंडी. दोर बांधायची.’
मी नाही उतरलो.
माझे मोजे होते.

रात्री स्टिअरिंगवर तिची ओली सलवार,
उशीच्या जागी पातेलं.
थेंब. बराच वेळ काही नाही. थेंब.
झोपेत तिचा पाय हलतो,
कडी अजून आहे का बघत असावी.

मी उठतो,
ओढलेला हँडब्रेक
पुन्हा एकदा ओढून ठेवतो.