पेवात दिवा

गोजमगुंडे बाई आल्या तेव्हा हातात नकाशा नव्हता,
एक लोखंडी पहार होती.
माळाच्या उतारावर चार जागी खुपसून
टोकाला लागलेली माती बोटांत चुरगळली,
एकदा जिभेलाही लावली.
"काळी फुगते," म्हणाल्या, "ती काढू. मुरमात बसू."
बसू म्हणाल्या. बांधू नाही.

मी गवंडी. त्र्याण्णव साली
गणपती बुडवून झोपलेल्या आमच्या घराचं माळवद
माझ्याच हातचं.
दोन हात पांढरी माती, दर उन्हाळ्यात आणखी एक थर,
गळू नये म्हणून.
गळलं नाही कधी.
त्याच्याखाली माझी गिरजा.

म्हणून म्हटलं, शाळेवर माती? माझ्या हातून नाही.
बाई भांडल्या नाहीत.
वहीत उताराची एक रेघ ओढली
आणि रेघेच्या कुशीत कमान.
"तुळजाराममामा, तुमच्या माळवदाखाली भिंती होत्या
दगडगोट्यांच्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या.
इथं ओझं पाठीला. डोक्यावर फक्त वीतभर,
कुसळीला पुरेल इतकं."

आठ दिवस फिरकलो नाही.
नवव्या दिवशी गेलो, भांडायलाच,
तर बाई एकट्या विटा दाबत होत्या,
जागच्या मुरमाच्या, बिनभाजलेल्या,
सिमेंट औषधासारखं मोजून,
आणि मागची भिंत ओळंब्यात बोटभर चुकलेली.
तेवढं मला बघवेना.

गाव म्हणालं, उंदराचं बीळ.
सरपंचाचा एकच प्रश्न: नाव कुठं रंगवायचं?

मे महिन्यात झालं.
खाली वस्तीवर पुनर्वसनाचे पत्रे तडतडत होते.
पोरं दाराशी आली, मी आत सोडली नाहीत.
आमच्याकडं पेव उघडलं की आधी दिवा सोडतात,
विझला तर माणूस उतरत नाही.
मला वाटलं बाई हसतील.
त्यांनीच कंदील पेटवून हातात दिला.

ज्योत सरळ राहिली.
मग झरोक्याखाली जराशी कलली,
वारा कुठून येतो ते सांगत.
भिंत घामेजल्या मानेला गार लागली.
थोडा वेळ उभा राहिलो
डोक्यावर हात धरून. सवय.

मग पोरांना म्हटलं, या रे,
चपला बाहेर.

वर कुणाची तरी शेळी चढून चरत होती म्हणे.
खाली काहीच पडलं नाही.