पिवळी प्रत

रुवीत, हमरियाच्या चढावर आमचं दुकान :
एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्त करून मिळतील.
मी काउंटरवर. बिलं फाडतो,
फोनवर सांगतो, माणूस कधीचा निघालाय,
तेव्हा माणूस आत बसून डाळभात कालवत असतो.

लिहायला म्हणून मी कधी बसलो नाही.
बसायला खुर्ची एकच,
ती कुंजुमोनशेटची.

पण मागल्या भिंतीशी वरच्या मजल्याचा एसी ठिबकतो.
खाली रफीकुलने रंगाचा जुना डबा लावलाय.
रिकामा असला की टण्ण,
अर्धा भरला की टुपुक्,
भरत आला की आवाजच नाही,
नुसतं एक वर्तुळ थरथरून काठाला लागतं.
दुपारी दीड ते चार शटर अर्धं खाली,
बाहेर सत्तेचाळीस,
डब्याच्या काठावर एक साळुंकी
चोच उघडी टाकून.
पीत नाही, उडत नाही,
पुढच्या थेंबाची वाट बघते
जणू आधीचे सगळे शिळे.

असंच एका दुपारी थेंब मोजता मोजता
पालशेतचं मागचं दार आठवलं.
का, ते विचारू नका.
आई आमसुलं घालायची, होडीच्या मोडक्या फळीवर.
दिवसभर ऊन, संध्याकाळी पुन्हा रसात,
सकाळी पुन्हा ऊन.
आणि एक पूट झालं की
तेच बोट चौकटीवर टेकवायची.
सात ठिपके झाले की बरणी.
शाळा तिला दारावरून गेलेली माहीत,
पण तिच्या हिशोबात ठिपका कधी चुकला नाही.
आम्ही दुसऱ्या घरी गेलो तेव्हा
चौकट तिथेच राहिली. चौकटी कुणी नेतं का?

हाताशी होती बिस्किटपुड्याची चिठ्ठी,
बिलबुकावर ठेवून लिहिलं :
*आईनं आंबट बोटांनी दारावर मोजलं,*
*तेवढंच मी पहिलं वाचलं.*
चिठ्ठी खिशात. मग ती खिशासकट धुतली गेली.

रविवारी समाइलचा खलफान आला,
पिकअप उभी भर रस्त्यात,
हातात पिवळी प्रत.
गॅस भरणे, बारा रियाल. कपॅसिटर, चार.
आणि त्याखाली, आडवी, निळी, माझी ओळ.
चिठ्ठीखाली कार्बन होता.
पांढऱ्यावर काही उमटलं नव्हतं
म्हणून मी बिनधास्त बिल केलेलं.

"मो हादा? इसका कितना पैसा?"
मी म्हटलं, याचं काही नाही. मोफत.
तो आणखीच संशयात पडला.
मोफत गोष्टीचं कोणी लिहून देतं का?
मग वाचून दाखवायला लावलं.
मग मी, मोडक्या हिंदीत, मोडक्या अरबीत :
आई, लाल फळ, मीठ, ऊन, बोट.
त्याने नीट ऐकलं. मान हलवली.
म्हणाला, चुकलंय तुझं.
आधी उकळायचं, मिठाच्या पाण्यात. मग छपरावर.
काळं होईतो हात लावायचा नाही.
आणि डॅशबोर्डवरून एक सुकं लिंबू आणून
माझ्या कानाशी खुळखुळवलं :
बी वाजली पाहिजे. वाजली तर झालं.

त्याला वाटलं, मी लिंबाबद्दल लिहिलंय.
असेलही.

बिल त्याने चार घड्या करून दिशदाशाच्या खिशात घातलं.
शेट म्हणाले, कंप्लेंट काय होती?
म्हटलं, मीठ कमी पडलं.

रात्री बिलबुक उघडून गुलाबी प्रत पाहिली,
सगळ्यात खालची, आमच्याकडेच राहते ती.
तिथवर अक्षरं पोचलीच नव्हती.
पेन रुतलं होतं फक्त अनुस्वारांवर.
कोऱ्या गुलाबी कागदावर नुसते ठिपके.

मोजले.
सहा स्पष्ट.
सातवा बहुतेक कागदाचाच डाग,
दिव्याखाली धरून अजून बघतोय.
मागे डबा भरत आलाय,
आवाज बंद झालाय.