रुअरीचा बूट

शोनागबाईंनी वर्गाला दलदलीवर नेलं
आणि म्हणाल्या, नकाशा काढा. रस्ते नकोत.
लुइस बेटाच्या या बाजूला रस्ता तसाही एकच,
तोही मेंढ्यांचाच जास्त.

रंग म्हणजे डब्यात कालवलेली काळी पीट,
दगडफुलाचा पिवळा,
आणि कागद उडू नये म्हणून
प्रत्येकाला एक धोंडा.

खळग्यांची नावं मुलांना येत नव्हती.
ती सांगायला म्हातारी ऑयरिक आलेली,
डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो तिच्या.
वाऱ्याकडे तोंड करून सांगत गेली:
तांबडी गाय बसली तो उतार.
बहिणींचं भांडण.
चहा सांडला ती जागा.
एका ओहोळापाशी मात्र गप्प झाली.
कुणी विचारलं नाही.
सगळ्यांनी तो ओहोळ कोराच ठेवला.

रुअरीच्या कागदावर एकच ठिपका,
नखाने दाबून बसवलेला. बाकी पांढरं.
‘हे काय रे?’
‘इथे माझा बूट गेला. डावा. काल.
आईला अजून माहीत नाही.’

वर्ग खिदळला.
ऑयरिकने बोटाने ठिपका चाचपला,
ओला होता अजून,
बोट जिभेला लावलं.
‘तिथलीच,’ म्हणाली,
‘त्या जागेला आजवर नाव नव्हतं.’

परतताना रुअरी मागे राहिला,
भावाच्या मोठ्या बुटांत फताक फताक,
आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो
तसा
वळसा घालून गेला.