शुद्धिपत्र

नगरचे कुलथे दुपारच्या पॅसेंजरनं सेलूला उतरले,
खिशात भिंग, पिशवीत पांढरे हातमोजे.
चहा बाजूला सरकवला, मग मोजे घातले.
आमच्या घरात मोजे घालून
कुणी कशालाच हात लावला नव्हता.

श्रीरंग मानवतकरांचं आत्मचरित्र. पहिली आवृत्ती.
तीनशे प्रती निघाल्या, मग छापखानाच बुडाला.
कुलथे पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवतात:
सोनेरी अक्षरं गेलेली.
वेष्टण फाटलंय, पण आहे.
कसर लागलीय, फक्त समासात.
छायाचित्रांची पानं सोळा. मोजतात. पुन्हा मोजतात.
आत निळ्या शाईत,
"भुजंगास. तू नसतास तर मी नुसता उभा राहिलो असतो."
अशानं भाव चढतो, ते म्हणतात,
फक्त हा भुजंग कोण, ते कळायला पाहिजे.

अकरावा फोटो बघा, मी म्हणते.
मानवतकर तलवार उपसून, मिशी एका बाजूनं सुटलेली,
आणि डाव्या कडेला पडद्याच्या चुणीत
एक कोपर,
बॅटरीच्या उजेडात अर्धं पान.
ते कोपर माझ्या वडिलांचं.

बावीस वर्षं त्यांनी विंगेतून शब्द दिले.
जालन्याच्या तंबूत, परभणीत उरुसाच्या गलक्यात,
इतक्या हळू की पहिल्या रांगेला कळू नये,
इतक्या स्वच्छ की मानवतकरांना दोनदा लागू नये.
मग मानवतकर सिनेमात गेले.
तिथं चुकलं तर पुन्हा घेतात.
वडील मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहायला लागले
आणि जेवताना आईचं बोलणं अडलं
की पुढचा शब्द देऊन टाकायचे.
आई चिडायची, "माझं मला आठवू द्या की."

पान एकशे त्रेचाळीस.
"त्या रात्री मला सावरलं ते भुजंग आचार्य यांनी."
आचार्य! आम्ही आवचार.
वडील हसले. म्हणाले, विसरला गडी,
ऐन वेळेला विसरला.
महिन्याभरानं पोस्टातून आलं
बोटाएवढं, गुलाबी:
पृ. १४३, ओळ ९. 'आचार्य' ऐवजी 'आवचार' वाचावे.
वडिलांनी ते चिकटवलं नाही.
उशिरा का होईना, म्हणाले, कुणीतरी विंगेत होतं.

"ते आहे का?" कुलथ्यांचा आवाज खाली आला.
"बहुतेक प्रतींतलं हरवलंय.
असेल तर अकरा हजार. नसेल तर चार."

होतं. वडिलांच्या एसटीच्या पासामागं.
पासावरचा चेहरा पुसत गेला,
कागद अजून गुलाबीच.
पास कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.
नाही, मी म्हणाले. हरवलं.

चार हजार त्यांनी मोजे काढून मोजले.
पुस्तक आधी बटर पेपरात, मग टॉवेलात,
पण उंबऱ्यावर राहवेना, सोडलंच पुन्हा.
हौस असते माणसाला.
मोठ्यानं वाचायला लागले,
"त्या रात्री मला सावरलं ते भुजंग…"
आणि भिंग शोधत थांबले.

"आवचार," मी म्हणाले. दाराआडून. हळू.

त्यांनी मान वर केली.
"काही म्हणालात का?"

"काय बघायलात, निघा," मी म्हणाले,
"साडेपाचची गाडी इथं दोनच मिनिटं थांबते."