पुठ्ठे

नाना पुठ्ठे पाडायचे, जेकॉर्डचे.
चादरीवरच्या एका मोराला बाराशे पुठ्ठे,
दोरीत ओवलेले, मागाच्या डोक्यावर फिरणारे.
भोक असलं की सुई आत, धागा वर.
भोक नसलं की नाही.
एवढीच भाषा. तिच्यात अख्खा मोर मावायचा.

लावण्याच्या श्रीहरीला फाल्गुनात गोवर आला.
तिनं दाराला लिंबाचा टहाळा बांधला,
विड्यांचं सूप बाजूला सारलं,
नऊ दिवस उशाशी.
ताप उतरला. पुरळ कोंड्यासारखं झडलं.
आम्ही म्हणालो, सुटलं पोरगं.

ज्येष्ठात कान फुटला.
आषाढात छाती भरली.
मग जुलाब. मग पुन्हा छाती.
सिव्हिलच्या पायरीवर तिनं मला गाठलं,
‘अगं, हे सगळं त्याला होऊन गेलंय की!
झालेलं परत कसं होतंय?’

मी तिथंच रक्त तपासते.
काचपट्टीवर त्याच्या पांढऱ्या पेशी मोजल्या.
भरपूर. सगळ्या हजेरीला.
डोळे पुसून पुन्हा मोजल्या.

तिला कसं सांगू,
गोवरानं दार फोडलं नाही.
पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून तो आत गेला,
काखेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत,
जिथं जुन्या पेशी
आलेल्या प्रत्येक चोराचा चेहरा जपून ठेवतात.
त्यांनाच खाल्लं.
जागेवर नव्या आल्या, तरण्या, चपळ.
ओळखतात फक्त गोवराला. त्याला जन्मभर ओळखतील.
बाकीच्यांना, या, बसा.

असं नाही सांगितलं.
तिला साखर पेठेत नानांकडे नेलं.
म्हटलं, समज, रात्री कुणी शिरलं,
मागाला हात लावला नाही,
नुसते पुठ्ठे नेले
आणि आपल्या एकाच नक्षीचे टांगून गेलं.
सकाळी खटखट तीच. धोटा तोच.
मोर नाही.

नाना ऐकत होते. आता त्यांना कमी दिसतं.
बोटांनी हवेत भोकं चाचपत म्हणाले,
‘आलेखाचा कागद असंल ना जपलेला?
त्यावरनं पाडता येतात परत.’
नाही नाना. लशींचे थोडे पाडून मिळतील.
बाकीचं, एकेक ताप, एकेक भोक.

‘म्हणजे किती पुठ्ठे?’ लावण्यानं विचारलं.
मला माहीत नव्हतं.
तिनं मांडीवर सूप ओढलं,
पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवली.
आतल्या खोलीत श्रीहरी खोकला.
कात्री थांबली.
पुढच्या खोकल्यापर्यंत तशीच, उघडी.