एअर घेतेय

होल्ड्सवर्थच्या होंडाला
एका जागी नीट उभं राहता येत नाही.
रस्त्यावर शहाणी असते.
सिग्नलला थांबली की बाराशेवरून सोळाशे,
सोळाशेवरून खाली, आणखी खाली, आता विझतेच म्हणताना
एक उचकी देऊन परत वर.

शनिवार. कीथली. घरांमागच्या बोळातल्या फरशीवर
दव अजून वाळलेलं नाही.
"एमांगी!" तो कुंपणावरून हाक मारतो.
यॉर्कशरमध्ये 'ह' गिळतात,
त्यामुळे अकरा वर्षं मी एमांगीच आहे.
"जरा कान उसने दे."

मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते.
याचेही मीच तपासले होते मार्चमध्ये:
दोन हजार हर्ट्झपर्यंत ठीक,
मग आलेख जिन्यावरून पाय सटकावा तसा.
पोरवयात लोकरीची गिरणी, नंतर चाळीस वर्षं गॅरेज.
मी बसवून दिलेली दोन्ही यंत्रं
त्याच्या स्वयंपाकघरात, बिस्किटांच्या डब्यात.
"त्यातून सगळं पत्र्याचं ऐकू येतं," म्हणतो,
"बायकोसुद्धा."

आता तो टाकीवर तळहात ठेवून उभा,
पिठाच्या गिरणीवाला दोन बोटांत पीठ चोळून
काही न बोलता चाक अर्धा आटा फिरवतो
तसा चेहरा.
प्लग काल पाहिले. पांढरेफटक.
पायलट जेट उजेडासमोर धरली, दोन्हींतून आभाळ दिसलं.
केबल ओढत नाही; हँडल इकडून तिकडे वळवून झालं.
थंड असताना बरी असते.
तापली की हिचं सुरू.
"एअर घेतेय कुठूनतरी," तो म्हणतो.
"कुठून ते ऐकू येतं. येतं म्हणजे, यायचं."
हे शेवटचं तो हातातल्या पान्याला सांगतो.

मी घरातून इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आणते.
साधं पाणी, नळाचं.
इंजिन चालू. डाव्या कार्ब्युरेटरचा जोड: काही नाही.
डावीकडे खाली: काही नाही.
उजवा, वरून.
तो इंजिनाकडे बघतच नाहीये,
माझ्या तोंडाकडे बघतोय.
इचलकरंजीला मागांच्या खडखडाटात
बाबांचे ओठ आई असेच बघायची,
घरी आल्यावरही, शांततेत,
सवय म्हणून.

उजव्या रबराच्या पोटाशी, बोट जेमतेम शिरतं तिथे,
पाणी गेलं
आणि एक बारीकसा वारा बंद झाला.
तो वाहत होता हे मला तो थांबल्यावर कळलं.
काटा अकराशेवर आला आणि तिथे बसला,
सहा सेकंद, सात,
मग गरम धातूवरचं पाणी उडालं
आणि पुन्हा तेच, वर, खाली, उचकी.

आवाज आला की हात वर करा,
दिवसातून वीस वेळा सांगते मी लोकांना.
आज मी वर केला,
आवाज गेला म्हणून.

"कसा होता?" त्याने किल्ली बंद केली.
हा प्रश्न मला कुणी विचारत नाही.
शिट्टी नव्हे. स्स् पण नव्हे.
"ह," मी म्हटलं. "माझ्या नावातला. तू गिळतोस तो."
त्याने तोंडासमोर तळहात धरला, ग्रीसने काळा,
आणि दोनतीनदा म्हणून पाहिलं,
हाताला वारा लागतोय का बघत.

रबर काढलं. वाकवलं तेव्हा चीर दिसली,
केसाएवढी, पंचेचाळीस वर्षांची असावी
किंवा गेल्या हिवाळ्यातली, सांगता येत नाही.
जोडी एकोणीस पौंडांना, गुरुवारपर्यंत येईल.
तोवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि तार.

चहाला बिस्किटांचा डबा उघडला.
दोन्ही यंत्रं बोटाने बाजूला सारून
त्याने खालचं, न मोडलेलं,
आल्याचं एक बिस्किट मला काढून दिलं.