रिकामी

बांद्याच्या पुढं तेव्हा देश संपायचा.
पलीकडची लॉरी नाक्यापर्यंतच.
माल उतरवा, रिकामे परता,
इकडचं भाडं घेतलं तर लॉरी जप्त.
कलम अजून तोंडपाठ आहे.

कायतान दर मंगळवारी यायचा.
परतताना मी हौद्यात चढून बघायचो:
काथ्याचे तंतू, मिठाचे खडे,
एखादी चेंगरलेली सुपारी. शिक्का.

एकदा माडाची चार रोपं निघाली, ओल्या गोणपाटात.
‘भयणीन दिल्यात. हंय दिल्या तिका, बांद्याक.’
‘भाडं किती?’
‘भयणीकडसून?’

मी रकान्यात लिहिलं: रिकामी.
शाई वाळेपर्यंत त्यानं विडी ओढली.

लॉरी वळणाआड गेली,
तरी दरडीवरून शेंडे दिसत राहिले,
हलत,
पार त्यांच्या चौकीपर्यंत.